वाचकांची विचारणा : म्हाताऱ्या जेफरसनचं टपाल

गेल्या अंकात जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन या दोन माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या उतारवयातल्या पत्रांवर टिपण आलं होतं. ते न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: अ‍ॅडम्स दुसरे राष्ट्राध्यक्ष (१७९७–१८०१), जेफरसन तिसरे (१८०१–१८०९). १७७६ साली स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी दोघं खांद्याला खांदा लावून लढले आणि १८०० च्या निवडणुकीत एकमेकांसमोर उभे ठाकून दुरावले. १८१२ मध्ये पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि तो १८२६ पर्यंत चालला. अ‍ॅडम्स मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी, जेफरसन व्हर्जिनियातल्या माँटिसेलोच्या टेकडीवर. या चौदा वर्षांत एकदाही भेट नाही, जे काही झालं ते कागदावर. त्या टिपणावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

दोघांत बारा वर्षं अबोला होता असं वाचलं. समेट नेमका कुणी घडवला? पत्नी अ‍ॅबिगेलने की कुणा डॉक्टरने? (सांगली)

अबोला अकरा वर्षांना थोडा कमी. ४ मार्च १८०१ रोजी जेफरसनच्या शपथविधीला न थांबता अ‍ॅडम्स पहाटेच वॉशिंग्टन सोडून निघाले. २४ मार्चला त्यांनी एक त्रोटक पत्र लिहिलं आणि मग थेट १ जानेवारी १८१२.

अ‍ॅबिगेलबाईंचा प्रयत्न १८०४ चा. जेफरसनची धाकटी मुलगी मारिया एप्रिलमध्ये गेली. लहानपणी लंडनमध्ये तिला अ‍ॅबिगेलने काही दिवस सांभाळलं होतं. त्यामुळे राहवलं नाही आणि २० मे रोजी तिने सांत्वनाचं पत्र धाडलं. जेफरसनने उत्तरात आभार मानले ते ठीक, पण त्याच पत्रात अ‍ॅडम्सनी जाता जाता केलेल्या नेमणुका आपल्याला लागल्या होत्या, हेही लिहून टाकलं. मग जुनी उणीदुणी निघाली. अ‍ॅडम्सवर चिखलफेक करणारा पत्रकार कॅलेंडर याला जेफरसनने दिलेले पैसे निघाले, मुलगा जॉन क्विन्सीचं गेलेलं एक छोटं पद निघालं. एकूण सात पत्रं झाली आणि ऑक्टोबरमध्ये अ‍ॅबिगेलनेच विषय मिटवला. अ‍ॅडम्सना यातलं काही ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सगळी पत्रं वाचली आणि खाली शेरा मारला की, हा पत्रव्यवहार माझ्या नकळत सुरू झाला आणि नकळतच चालला. शेऱ्यात राग नाही, कौतुकही नाही.

खरा मध्यस्थ फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश. जाहीरनाम्यावर त्यांचीही सही आहे आणि दोघांशी त्यांचा स्वतंत्र पत्रव्यवहार होता. १७ ऑक्टोबर १८०९ च्या पत्रात त्यांनी अ‍ॅडम्सना एक ‘स्वप्न’ कळवलं: मुलगा इतिहासाचं पुस्तक वाचतोय, त्यात दोन माजी राष्ट्राध्यक्षांची मैत्री पुन्हा जुळल्याचं आणि दोघं जवळपास एकाच वेळी थडग्यात गेल्याचं लिहिलंय. अ‍ॅडम्सनी उत्तर दिलं की स्वप्नाला माझी हरकत एवढीच की तो इतिहास नाही, भविष्यवाणी असू शकेल.

त्यानंतरही दोन वर्षं काही हललं नाही. १८११ च्या उन्हाळ्यात जेफरसनचा तरुण शेजारी एडवर्ड कोल्स आपल्या भावासह क्विन्सीला गेला. बोलण्याच्या ओघात अ‍ॅडम्स म्हणाले की, जेफरसनवर माझं नेहमीच प्रेम होतं आणि आजही आहे. हे वाक्य जेफरसनपर्यंत पोचलं. ५ डिसेंबरला त्याने रशला लिहिलं की मला एवढंच पुरे. रशने त्यातला मजकूर उतरवून अ‍ॅडम्सकडे पाठवला. २५ डिसेंबरला अ‍ॅडम्स उलट विचारतात, आम्हा दोघांना एकमेकांना लिहिण्यासारखं आहे तरी काय? आणि आठवड्याभरात पत्र टाकतात. या कोल्सचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

पहिल्याच पत्रात अ‍ॅडम्सनी ‘घरी विणलेलं कापड’ पाठवलं म्हणे. कापड कसलं? (फोंडा)

ती पुस्तकं होती. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हार्वर्डमध्ये वक्तृत्वशास्त्र शिकवत असे, त्याच्या व्याख्यानांचे दोन खंड १८१० मध्ये निघाले होते. बापाने ते ‘आमच्या भागात विणलेल्या कापडाचे दोन तुकडे’ म्हणून पाठवले. पत्र टपालाने पुढे गेलं आणि पुडकं मागे राहिलं. जेफरसनला थट्टा कळायला काही वाव नव्हता. २१ जानेवारीच्या उत्तरात तो गंभीरपणे व्हर्जिनियातल्या सूतकताईचा आढावा घेतो: घरोघरी माग आहेत, मेंढ्या आहेत, लोकरीचं कापड अजून जाडंभरडं आहे. पुडकं हातात पडल्यावर २३ तारखेला त्याने दुसरं पत्र टाकलं.

मात्र त्या गैरसमजातून एक फायदा झाला. इतक्या वर्षांनी बोलायला सुरुवात करताना निवडणूक, कॅलेंडर, नेमणुका यांतलं काहीच काढावं लागलं नाही. सूतकताईवरून गाडी जुन्या दिवसांवर आली, मग ‘जाहीरनाम्यावर सही केलेल्यांपैकी पोटोमॅक नदीच्या अलीकडे मी एकटाच उरलोय’ या वाक्यावर. पहिल्या पत्राचं उत्तर कसं द्यावं याचा हा नमुनाच आहे.

जेफरसनने पाठवलेल्या पत्रांच्या नकला त्याच्याच दप्तरात कशा सापडतात? कारकून ठेवला होता का? (नागपूर)

नाही. राष्ट्राध्यक्ष असतानाही स्वतःची पत्रं तो शक्यतो स्वतःच लिहायचा. नकलांसाठी त्याने आयुष्यात दोन यंत्रं वापरली, आणि कोणती नक्कल कुठल्या यंत्राची हे कळलं तर मूळ कागद वाचणं सोपं जातं.

पहिलं यंत्र म्हणजे जेम्स वॅटने १७८० मध्ये पेटंट घेतलेला दाबयंत्राचा प्रकार. खास शाईने पत्र लिहायचं. ती शाई लगेच पूर्ण सुकत नाही, म्हणून चोवीस तासांच्या आत पातळ, खळ न लावलेला कागद ओलसर करून पत्रावर ठेवायचा आणि दोन्ही दाबाखाली घालायचे. पातळ कागदाच्या पाठीवर अक्षरं उलटी उमटतात, कागद पारदर्शक असल्याने पुढच्या बाजूने ती सुलटी वाचता येतात. बिघडायचं ते पाण्याच्या प्रमाणात. कागद जास्त ओला झाला तर शाई फुटून अक्षरांची पिसं होतात, कमी ओला राहिला तर ठसाच धरत नाही. शिवाय हा ठसा वर्षानुवर्षं फिका होत जातो. जेफरसनच्या १७८५ ते १८०४ मधल्या कित्येक नकला आज भिंगाखालीही जेमतेम लागतात, त्याचं कारण हेच.

दुसरं पॉलिग्राफ. जॉन आयझॅक हॉकिन्सने १८०३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं आणि फिलाडेल्फियाचे चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांनी ते बनवून विकायला घेतलं. १८०४ पासून जेफरसन ते मरेपर्यंत वापरत होता, म्हणजे अ‍ॅडम्सबरोबरची उतारवयातली सगळी पत्रं याच यंत्राच्या काळातली. लाकडी पेटीवर दोन कोरे कागद शेजारी शेजारी बसवायचे. वर समांतरभुज चौकोनाच्या सांध्यांनी जोडलेल्या काड्यांना पिसाच्या दोन लेखण्या लावलेल्या असतात. एक हातात धरून लिहायचं, दुसरी तीच हालचाल दुसऱ्या कागदावर करते. दोन्ही लेखण्या एकदमच दौतीत बुडतात, एकदमच उचलल्या जातात.

गोम लेखण्यांत आहे. पीस लिहिता लिहिता झिजतं, पुन्हा तासावं लागतं. दोन्ही टोकं एकाच उंचीवर आली नाहीत तर एकीकडे अक्षर ठसठशीत आणि दुसरीकडे ओरखडा, किंवा काहीच नाही. सांधा सैल पडला की नक्कल थरथरते, घट्ट झाला की हात अडखळतो. जेफरसन पीलना वर्षानुवर्षं दुरुस्त्या सुचवत राहिला. १८०९ मध्ये त्याने कबूल केलं की, पॉलिग्राफने आपल्याला इतकं लाडावून ठेवलंय की जुन्या दाबयंत्राच्या न लागणाऱ्या नकला आता सहन होत नाहीत.

हे सगळं एका अधू मनगटाने चाललं होतं. सप्टेंबर १७८६ मध्ये पॅरिसला पडून उजवं मनगट निखळलं ते कधीच नीट बसलं नाही. १८२२ मध्ये घराच्या गच्चीची मोडकी पायरी चुकून पडला आणि डाव्या हाताचं हाड मोडलं.

अ‍ॅडम्सकडे असलं यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे बांधीव वह्या होत्या, पाठवलेलं पत्र त्यात उतरवून ठेवायचं. हात कापायला लागल्यावर आणि डोळे गेल्यावर ते तोंडाने सांगत आणि घरातल्या नाती वगैरे लिहून घेत. म्हणून त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या पत्रांचं अक्षर बदलत राहतं. अक्षर वेगळं दिसलं म्हणून पत्र खोटं ठरवू नका, खाली सही तपासा.

पत्र पोचायला किती दिवस लागत आणि खर्च कोण करी? (इचलकरंजी)

साधारण दहा-बारा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत, रस्ते आणि ऋतू पाहून. १८१२ मध्ये १ जानेवारीच्या पत्राचं उत्तर २१ ला लिहिलं गेलं आणि त्याला अ‍ॅडम्सचं प्रत्युत्तर ३ फेब्रुवारीला निघालं, यावरून अंदाज येईल. पक्की तारीख हवी असेल तर आलेल्या पत्राच्या पाठीवर जेफरसनने केलेली नोंद बघावी: पाठवणाऱ्याचं नाव, गाव, लिहिल्याची तारीख, मिळाल्याची तारीख. हीच माहिती तो आवक-जावक यादीतही चढवी. ही यादी त्याने १७८३ पासून अखेरपर्यंत सांभाळली.

खर्चाचं म्हणाल तर त्या काळी टपालाचं हशील बहुधा पत्र घेणाराच भरे. आपल्या भाषेत सगळीच पत्रं बैरंग. १८१६ च्या कायद्याप्रमाणे एका तावाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, मग टप्प्याटप्प्याने वाढत ४०० मैलांपुढे २५ सेंट. दोन ताव झाले की दुप्पट. लखोटा घातला तर तोही एक ताव धरला जाई, म्हणून लखोटे कुणी वापरत नसत. मोठा ताव मधोमध दुमडून चार पानं करायची, तीन पानं लिहायची, चौथं बाहेर येईल अशी घडी घालून त्यावर पत्ता लिहायचा, एक टोक दुसऱ्यात खुपसून लाखेने चिकटवायचं. उघडताना लाखेखालचा तुकडा फाटतो आणि तिथले शब्द जातात. छापील आवृत्तीत चौकोनी कंसात भरलेले शब्द दिसतात ते पुष्कळदा याच जागेचे, नकलेवरून भरलेले.

अ‍ॅडम्स-जेफरसनना मात्र हा भुर्दंड नव्हता. माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दोघांना तहहयात टपालमाफी दिली होती. पत्त्याच्या बाजूला ‘फ्री’ लिहून सही केली की काम झालं. माफी येणाऱ्या पत्रांनाही होती, आणि तीच जेफरसनच्या गळ्याशी आली. ना लिहिणाऱ्याला खर्च ना घेणाऱ्याला, मग कुणीही उठावं आणि माँटिसेलोला पत्र टाकावं! २७ जून १८२२ रोजी तो अ‍ॅडम्सना कळवतो की, यादी उघडून मोजलं तर १८२० या एका वर्षात १,२६७ पत्रं आली होती, त्यातल्या कितीतरींना शोधाशोध करून उत्तर द्यावं लागलं. याला आयुष्य म्हणायचं का, असं विचारून तो स्वतःला चक्कीला जुंपलेला घोडा म्हणवतो, मरेपर्यंत त्याच वर्तुळात फिरणारा.

अ‍ॅडम्सची १०९ पत्रं आणि जेफरसनची फक्त ४९. याचा अर्थ जेफरसनला फारशी ओढ नव्हती असा घ्यायचा का? (पुणे)

आकडे बरोबर आहेत, अर्थ नाही. वरच्या उत्तरातला १,२६७ हा आकडा शेजारी ठेवून पाहा. जेफरसनच्या टेबलावर व्हर्जिनिया विद्यापीठाची उभारणी, सावकार, जावईबापू, झाडांची बियाणी असं सगळं येऊन पडत होतं. अ‍ॅडम्सना वेळ होता आणि बोलायची हौस होती. त्यांनी १५ जुलै १८१३ ला स्वतःच सांगून टाकलंय: माझी चार पत्रं आणि तुमचं एक असं झालं तरी मनावर घेऊ नका, तुमचं एक माझ्या चारांहून मोलाचं आहे.

स्वभावाचाही भाग आहेच. अ‍ॅडम्स धडाधड लिहितात, मध्येच फुटतात, ग्रीक उताऱ्यावरून थेट नेपोलियनवर जातात. जेफरसन तीन-चार पत्रं साठू देतो आणि एका उत्तरात हवं तेवढंच घेतो. उन्हाळा १८१३ मध्ये याचा कस लागला. १८०१ मध्ये जेफरसनने शास्त्रज्ञ प्रीस्टलीला लिहिलेलं एक जुनं पत्र लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात अ‍ॅडम्सच्या राजवटीवर टोमणे होते. ते वाचून अ‍ॅडम्सनी मे ते जुलै पत्रांमागून पत्रं सोडली. जेफरसनने १५ जूनला एकदा शांतपणे खुलासा केला आणि मग बाकीच्या चिमट्यांना उत्तरच दिलं नाही. तो तावातावाने भिडला असता तर १८०४ ची पुनरावृत्ती झाली असती. ‘एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्याशिवाय आपण मरता कामा नये’ हे अ‍ॅडम्सचं गाजलेलं वाक्य या धुमश्चक्रीतलं आहे, १५ जुलैच्याच पत्रातलं. भिंतीवर लावायला ते छान दिसतं, पण लिहिलं तेव्हा त्यात बरीच खुमखुमी होती. त्याच पत्राच्या तळाशी अ‍ॅबिगेलचा ता. क. आहे: यजमानांच्या पत्रात जुन्या मैत्रिणीचा नमस्कार लिहायला कधीची जागा शोधत होते. नऊ वर्षांपूर्वी तिनेच बंद केलेलं दार तिनेच उघडलं.

अ‍ॅडम्सने हिंदू शास्त्रांची स्तुती केली होती असा मजकूर फिरतोय. खरा आहे का? (डोंबिवली)

पत्र खरं आहे, तारीख २५ डिसेंबर १८१३. नाताळच्या दिवशी अ‍ॅडम्स विचारतात की ‘शास्त्रा’च्या प्रस्तावनेपेक्षा अधिक शुद्ध धर्मविचार किंवा अधिक खोल तत्त्वज्ञान कुठे सापडेल? आणि पुढे उतारा देतात: ईश्वर एक आहे, सर्वांचा निर्माता, त्याला आदि नाही, अंत नाही. त्याच्या स्वरूपाचा शोध घेऊ नका, तो व्यर्थ ठरेल. पुढे ‘बिर्मा, वित्स्नू आणि सिब’ यांची उत्पत्तीही येते. हे विचार पायथागोरसने भारतात शिकले, असंही ते ठोकून देतात.

आता दुसरी बाजू, जी फिरणाऱ्या मजकुरात नसते. हा उतारा वेदांतला नाही, उपनिषदांतला नाही, कुठल्याही परिचित संस्कृत ग्रंथातला नाही. त्याचं मूळ जॉन झेफनाया हॉलवेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याच्या १७६७ च्या ग्रंथात आहे. कलकत्त्याच्या ‘ब्लॅक होल’ची, म्हणजे कोठडीत गुदमरून मेलेल्या कैद्यांची, कहाणी सांगणारा हाच तो हॉलवेल. आपल्याला एक प्राचीन ‘शास्त’ मिळालं होतं आणि १७५६ मध्ये कलकत्ता पडलं तेव्हा हस्तलिखितं गेली, असं त्याचं म्हणणं. मूळ कधीच कुणाला सापडलं नाही आणि अभ्यासक ते अस्सल मानत नाहीत. युरोपात मात्र ते खपलं, व्हॉल्तेरसुद्धा भुलला. अ‍ॅडम्सना संस्कृत येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते तिसऱ्या-चौथ्या हाताचं. तेव्हा ‘अ‍ॅडम्सने वेद वाचले’ असं पुढे ढकलू नका. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा क्विन्सीच्या थंडीत बसून जगभरच्या धर्मांची तुलना करतोय, मिळेल त्या पुस्तकातून भारताकडे कुतूहलाने बघतोय, एवढं खात्रीने म्हणता येतं. आम्हाला तेही कमी वाटत नाही.

गुलामगिरीबद्दल हे दोघं काय लिहितात? (औरंगाबादहून एक इतिहासशिक्षक)

फार थोडं, आणि जे आहे ते टाळाटाळीचं. या पत्रसंग्रहाची सगळ्यात मोठी उणीव हीच.

अ‍ॅडम्सनी कधी गुलाम बाळगले नाहीत. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. मिझुरीला गुलामगिरीसकट संघराज्यात घ्यायचं की नाही हा वाद पेटला तेव्हा विषय टाळता येईना. १० डिसेंबर १८१९ ला जेफरसन लिहितो की बाकीचे प्रश्न लाटांसारखे जहाजाखालून निघून जातील, मिझुरीचा मात्र खडक आहे. अ‍ॅडम्स उत्तर देतात की तोही लाटेसारखाच जाईल अशी आशा करू. २२ जानेवारी १८२१ ला जेफरसन विचारतो, आमच्या गुलामांच्या हाती स्वातंत्र्य आणि खंजीर दोन्ही द्यायचं का? त्यावर ३ फेब्रुवारीचं अ‍ॅडम्सचं उत्तर नीट वाचावं. अर्धं शतक हा काळा ढग देशावर लटकताना मी पाहतोय, म्हणतात. आणि लगेच: दक्षिणेतल्या मंडळींना मी नेहमी सांगत आलो की हे मला उमगत नाही, ते तुमच्यावर सोपवतो, तुमच्या मताविरुद्ध काही लादायला मी मत देणार नाही. इथे मैत्री टिकली, प्रश्न तसाच राहिला.

आता कोल्सकडे या. दोघांचं जुळवून देणारा तोच तरुण. ३१ जुलै १८१४ ला त्याने जेफरसनला थेट गळ घातली की तुमच्या नावाला वजन आहे, गुलाममुक्तीची चळवळ तुम्ही हाती घ्या. २५ ऑगस्टला जेफरसनने उत्तर दिलं की हे काम तरुणांचं, माझं वय झालं, माझ्याकडे आता फक्त प्रार्थना आहे. शिवाय सल्ला असा की तूही गुलामांना सोडून राज्याबाहेर जाऊ नकोस. कोल्सने नम्रपणे लिहिलं की बेंजामिन फ्रँकलिन तर तुमचं वय ओलांडल्यावरही तितक्याच अवघड कामांत गुंतलेले होते. १८१९ मध्ये तो आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयला निघाला आणि ओहायो नदीवर बोटीत असतानाच त्यांना मुक्त केल्याचं सांगितलं. १८२२ मध्ये तो इलिनॉयचा गव्हर्नर निवडून आला. जेफरसनने मृत्युपत्रात पाच जणांना सोडलं. डोक्यावर लाखाहून अधिक डॉलरचं कर्ज होतं, जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. शिक्षकांना आमचं सांगणं, वर्गात ३ फेब्रुवारी १८२१ चं पत्र एकटं वाचू नका, कोल्सची दोन आणि जेफरसनचं एक जोडीला घ्या.

जुनी खासगी पत्रं फुटल्यावरही मैत्री टिकली, तो प्रसंग कोणता? (विले पार्ले)

१८२३ चा. कटुतेच्या वर्षांत अ‍ॅडम्सनी कनिंगहॅम नावाच्या नातलगाला पत्रांतून जेफरसनबद्दल वाट्टेल ते लिहिलं होतं, आपण जिवंत असेपर्यंत छापायचं नाही या अटीवर. कनिंगहॅम वारल्यावर त्याच्या मुलाने ती छापली. १८२४ च्या निवडणुकीत जॉन क्विन्सी उभा राहणार होता, त्याला अपशकुन करायचा होता. १२ ऑक्टोबरला जेफरसनने स्वतःहून लिहिलं की, म्हातारपणाच्या उशीवर काटे पेरण्याच्या या उद्योगाचा माझ्यावर तिळमात्र परिणाम होणार नाही.

अ‍ॅडम्सचं १० नोव्हेंबरचं उत्तर या संग्रहातलं सगळ्यात जिवंत पान आहे. न्याहारीच्या वेळी टपाल आलं, नातीला उघडायला सांगितलं, जेफरसनचं पत्र आहे म्हटल्यावर आजोबा म्हणाले, आत काय असेल ते मला न वाचताच माहीत आहे. मोठ्याने वाचल्यावर सगळं घर म्हणालं, असं पत्र आजवर कुणी लिहिलं नसेल, छापायला द्या! सहीपाशी अ‍ॅडम्स स्वतःचं वर्णन करतात: एकोणनव्वदाव्या वर्षात, अजूनही इतका लठ्ठ की फार टिकणार नाही.

दोघं एकाच दिवशी वारले ही दंतकथा की सत्य? (बेळगाव)

सत्य. ४ जुलै १८२६, जाहीरनाम्याची पन्नाशी. जेफरसन ८३ वर्षांचे, दुपारी एकच्या सुमारास. अ‍ॅडम्स ९० वर्षांचे, संध्याकाळी सहानंतर. ‘थॉमस जेफरसन जिवंत आहे’ हे अ‍ॅडम्सचे अखेरचे उद्गार म्हणून सांगतात, पण त्यातला शेवटचा शब्द ऐकणाऱ्यांनाही स्पष्ट लागला नव्हता. शेवटची पत्रं मात्र पक्की आहेत. २५ मार्चला जेफरसनने नातू रँडॉल्फची ओळख करून देणारं पत्र धाडलं, १७ एप्रिलला अ‍ॅडम्सनी पोच दिली.

ही पत्रं मुळातून वाचायची तर कुठे, आणि खोटी अवतरणं कशी ओळखायची? सगळी वाचायला सवड नाही. (पुणे आणि न्यू जर्सी, दोन पत्रं)

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘फाउंडर्स ऑनलाइन’ ही साइट मोफत आहे. लेखक, ज्याला लिहिलं तो आणि तारीख अशा तिन्ही चाळण्या लावता येतात. अवतरण तपासताना अख्खं वाक्य घालू नका. लक्षात राहणारे तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत घाला. सापडलं नाही तर स्पेलिंग बदलून पाहा, कारण जेफरसन ‘नॉलेज’मधून मधली अक्षरं गाळतो, वाक्याची सुरुवात लहान अक्षराने करतो, तर अ‍ॅडम्स मनाला येईल तिथे मोठं अक्षर वापरतात. उलट, आजच्या वळणाचं गुळगुळीत वाक्य असेल, खाली तारीख नसेल आणि कुणाला लिहिलं ते नसेल, तर संशय घ्याच. ‘सरकारला जनता भ्याली की जुलूम’ हे जेफरसनच्या नावावर खपणारं वाक्य त्याच्या लिखाणात कुठेच नाही. माँटिसेलोच्या साइटवर अशा बनावट अवतरणांची यादीच आहे.

पत्राखालच्या टिपेतली लघुरूपं समजून घ्या. ‘आरसी’ म्हणजे प्रत्यक्ष पोचलेली प्रत, ‘पीओसी’ म्हणजे पॉलिग्राफवरची नक्कल, ‘एफसी’ म्हणजे दप्तरी प्रत, ‘टीआर’ म्हणजे कुणीतरी नंतर उतरवून घेतलेली. ‘एमएचआय’ म्हणजे बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, ‘डीएलसी’ म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस. फक्त ‘टीआर’ असेल तर शब्दाशब्दावर इमारत उभी करू नये.

सवड कमी असेल तर या क्रमाने जा: १ आणि २१ जानेवारी १८१२; १५ जुलै १८१३; गुणांवर उभ्या राहणाऱ्या ‘नैसर्गिक’ श्रेष्ठींबद्दलचं जेफरसनचं २८ ऑक्टोबर १८१३; क्रांती लढाईत नव्हे, आधी लोकांच्या मनात झाली असं सांगणारं अ‍ॅडम्सचं २४ ऑगस्ट १८१५; अ‍ॅबिगेल गेल्यावरचं जेफरसनचं १३ नोव्हेंबर १८१८, जे जेमतेम एक परिच्छेद आहे; मग ३ फेब्रुवारी १८२१ आणि १८२३ ची जोडी. सुट्टं पत्र वाचू नका, ज्याला ते उत्तर आहे ते आधी उघडा. शेवटच्या काळातली काही पत्रं साइटवर ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ खुणेखाली दिसू शकतात. म्हणजे मजकूर उतरवलाय, पण संपादकांची शेवटची तपासणी आणि टिपा बाकी आहेत. तिथून उतारा घेणार असाल तर पत्राची तारीख आणि तुम्ही साइट पाहिल्याची तारीख, दोन्ही नोंदवून ठेवा.